हात वर केला की थांबायचं

शाळेत दातांची तपासणी झाली, त्या दिवशी भिंगरीने चार घड्या घातलेली एक चिठ्ठी घरी आणली. तिचा एक कोपरा वाटेत चावून झाला होता. चिठ्ठीत दोनच वाक्यं होती : 'सहा दात किडलेले. पालकांनी लक्ष द्यावे.' पहिलं वाक्य तिच्या आईने दोनदा वाचलं. दुसरं वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. लक्ष! गेली आठ वर्षं ती दुसरं काय देत होती?

भिंगरी हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. ती कधी चालायला शिकलीच नाही, बसती उठली ती थेट पळायला लागली. तेव्हा जिन्यातल्या शेजाऱ्यांनी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. जेवताना तिचा एक पाय खुर्चीवर आणि दुसरा दाराच्या दिशेने असायचा. बोलणं सुरू व्हायचं मांजरापासून आणि संपायचं चंद्रावर. सहा महिन्यांपूर्वी मुलांच्या डॉक्टरांनी दोन-तीन भेटी घेऊन, शाळेकडून माहिती मागवून या सगळ्याला एक नाव दिलं. लक्ष एका जागी टिकत नाही, अंग एका जागी राहत नाही आणि मनात विचार येण्याआधी हात पुढे जातो, असं त्या नावामागचं दुखणं. "मेंदूची ठेवणच अशी आहे," डॉक्टर म्हणाले. "लाडाने झालेलं नाही आणि माराने जाणार नाही." त्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर बसून रडली होती. लोकांना वाटलं, काहीतरी वाईट कळलं असेल. खरं तर खूप दिवसांनी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

मग सकाळची एक छोटी गोळी सुरू झाली. वहीतल्या ओळी पूर्ण व्हायला लागल्या. पण दात घासणं मात्र जिथल्या तिथेच राहिलं. ब्रश तोंडात गेला की दहा सेकंदांत भिंगरी गॅलरीत, कबुतर बघायला. निम्मी पेस्ट आरशावर. आईला साडेआठला पडदे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायचं असायचं. "झालं का गं?" ती विचारायची. "झालं!" उत्तर यायचं. झालेलं नाही हे दोघींनाही माहीत असायचं.

चिठ्ठी आल्यावर आईने जवळच्याच एका दातांच्या दवाखान्यात नंबर लावला. तिथे पाऊण तास बसावं लागलं. तेवढ्या वेळात भिंगरीने सगळ्या मासिकांची चवड पाडली, पाण्याच्या यंत्राचा नळ उघडा ठेवला आणि एका आजोबांना त्यांच्या कवळीबद्दल सात प्रश्न विचारले. आत गेल्यावर डॉक्टरांनी न सांगता तोंडात बोट घातलं आणि ती चावली.

"आधी मुलीला वळण लावा, मग आणा," बोट धुता धुता डॉक्टर म्हणाले.

'दात दाखवायला आणलंय, वळण दाखवायला नाही,' हे उत्तर आईला सुचलं, पण बसस्टॉपवर आल्यावर. चांगली उत्तरं नेहमी बसस्टॉपवरच सुचतात.

"बाबा वर का नाही आला?" भिंगरीने विचारलं.

बाबा तेवढा वेळ खाली फुटपाथवर उभा होता. दातांच्या दवाखान्याची पायरी तो चढत नसे. तो रंगारी होता. पाच नोकऱ्या धरून सोडल्यावर या धंद्यात टिकला, कारण इथे दिवसभर उभं राहता येतं, भिंती बदलत राहतात आणि उंच परांचीवर चढलं की कुणी मागून हाक मारत नाही. सरळ रेघ मारावी तर त्यानेच, असं ठेकेदार म्हणायचा. तोच माणूस आठवड्यातून दोनदा डबा घरी विसरायचा आणि किल्ली दाराला बाहेरून तशीच ठेवून जायचा. हसताना तो तोंडावर हात धरायचा. लग्न ठरलं तेव्हा बायकोला वाटलं, लाजतोय. नंतर कळलं, समोरचा एक दात तिरका तुटलेला आहे आणि मागचे चार नाहीतच. दाखवून ये म्हटलं की तो म्हणायचा, "दुखेल दुखेल आणि पडेल. दाताला दुसरं काय काम?"

मुलांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. आईने फोन केला तेव्हा बाईंनी तारीख द्यायच्या आधीच प्रश्न सुरू केले.

"मुलगी दिवसात सगळ्यात शांत कधी असते?"

"झोपेत," आई म्हणाली.

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "आणि त्याच्या खालोखाल?"

"गोळी घेतल्यावर तासाभराने. साधारण नऊपासून."

"मग साडेनऊला या. माझी पहिली वेळ. बसावं लागणार नाही. आणि एक सांगा, तिला त्रास कशाचा होतो? आवाजाचा, वासाचा, की चवीचा?"

आईने क्षणभर विचार केला. "पेस्ट तिखट लागते म्हणते. मला वाटायचं, नाटकं करतेय."

"पुदिना काही मुलांना खरंच झोंबतो. बिनचवीची पेस्ट मिळते, ती घेऊन बघा."

आई फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. रोज सकाळचं भांडण, रोजची रडारड, आणि पोरगी खरं तेच सांगत होती.

पहिल्या दिवशी बाईंनी एकही हत्यार हातात घेतलं नाही. खुर्ची वर कशी जाते, खाली कशी येते, ते भिंगरीच्या हातात बटण देऊन दाखवलं. खुर्ची नऊ वेळा वर-खाली झाली. मग बाई म्हणाल्या, "आता आपला एक नियम. तू हात वर केलास की मी थांबायचं. मी कितीही घाईत असले तरी."

भिंगरीने लगेच हात वर केला.

"थांबले," बाई म्हणाल्या. त्यांनी अजून सुरुवातही केली नव्हती.

तिने नियम अकरा वेळा तपासून पाहिला. बाराव्या वेळी छोटा आरसा तोंडात जाऊ दिला आणि मनात तीस मोजेपर्यंत तोंड उघडं ठेवलं. तिच्या आयुष्यातला तो विक्रम होता.

बाबा त्या दिवशी वर आला होता, पण दाराच्या आत एकच पाऊल टाकून. बाईंनी आईला मुलीचा दिवस सकाळपासून विचारला. कधी उठते, कधी खाते, काय पिते. दुपारचा डबा तसाच परत येतो, कारण गोळीने भूक मरते. संध्याकाळी भूक उसळली की झोपेपर्यंत तोंड चालू. आणि अभ्यासाला बसली की...

आई अडखळली.

"एका गणिताला एक लिंबाची गोळी," दारातून बाबा म्हणाला. तोंडावर हात होताच. "ती आयडिया माझी. त्याशिवाय बसतच नाही ती."

"आणि गणितं किती असतात?"

"वीस-पंचवीस."

आईने मान खाली घातली. आता ऐकावं लागणार, असं तिला वाटलं. पण बाई चिडल्या नाहीत.

"तुम्ही तिला गणितं शिकवलीत. ते लहान काम नाही," त्या म्हणाल्या. "फक्त दातांचं गणित वेगळं असतं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते दात मोजतात. दर पाच मिनिटांनी गोड आलं तर तोंडाला सावरायला वेळच मिळत नाही. त्यात त्या औषधाने तोंड कोरडं पडतं. लाळ ही तोंडाची घरची मोलकरीण, तीच रजेवर. सकाळची गोळी बंद करू नका हं. ती तिला हवी आहे. न्याहारी गोळीच्या आधी द्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि बक्षीस दुसरं शोधा."

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "तुमचेही दात दाखवायला या कधीतरी."

"हो, हो. गाडी बघून येतो," बाबा म्हणाला आणि खाली गेला. त्यांच्याकडे गाडी नव्हती.

बक्षीस सापडायला आठवडा गेला. एक गणित सुटलं की जिन्याने खाली जाऊन वर यायचं. गणितं झाली, लिंबाच्या गोळ्या सुटल्या, फक्त तळमजल्यावरचे काका रोज संध्याकाळी दार उघडून "किती राहिली अजून?" असं विचारायला लागले.

घासण्याची युक्ती मात्र बाबाला सापडली. एका सकाळी त्याने मुलीला उचलून ओट्यावर बसवलं, स्वतःचा ब्रश घेतला आणि म्हणाला, "हे बघ, रंग कसा देतात? मधूनच फासत सुटायचं नाही. आधी कडा मारून घ्यायच्या, मग भिंत. तुझ्या तोंडात किती भिंती?"

भिंगरीने जिभेने मोजलं. "चार. वर दोन, खाली दोन."

"मग चल. पहिली भिंत. हिरडीची कड आधी."

एक भिंत झाली की ओट्यावरून उतरून एक उडी, मग पुन्हा वर. चार भिंती, चार उड्या. काम दुप्पट वेळ घेत होतं, पण होत होतं. अट एकच, बाबानेही सोबत घासायचं. तिसऱ्या दिवशी बाबा बेसिनमध्ये थुंकला आणि भिंगरी वाकून बघायला लागली.

"बाबा, तुझ्या भिंतीतून लाल रंग गळतोय."

"काही नाही गं. जुनी भिंत आहे," तो म्हणाला आणि नळ सोडला.

पुढच्या भेटीत दात भरायचे होते. भिंगरी खुर्चीवर बसली, तिने नियम दोनदा तपासला. पण यंत्राचा आवाज सुरू होताच ती अशी उठली, की खुर्चीलाही कळलं नाही. कोपऱ्यात जाऊन तिने भिंतीला पाठ लावली.

"बाबा आधी," ती म्हणाली. "बाबाच्या हिरडीतून रक्त येतं. मी पाहिलंय. आधी बाबा, मग मी."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. रंगाऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि खोली तर गार होती.

"मला कामावर जायचंय. उशीर होतोय," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. या वेळी गाडीचंसुद्धा कारण त्याला सुचलं नाही.

त्या दिवशी काहीच झालं नाही. घरी येताना भिंगरी बराच वेळ गप्प होती, हेच मुळात नवल. मग म्हणाली, "आई, बाबाला कुणी सांगितलं नाही का? हात वर केला की थांबतात म्हणून?"

दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा बायकोने फक्त हे वाक्य त्याला सांगितलं. वर एक शब्द घातला नाही. त्याने ताटातला घास तसाच ठेवला. हात धुतला आणि बहिणीकडे गेला.

त्याची ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. गावाच्या कडेला तिची रोपवाटिका होती. आईवडील दोघंही पाळीने कामावर जायचे, त्यामुळे याला खरं वाढवलं ते तिनेच. तो पोचला तेव्हा ती रोपं मोठ्या कुंड्यांत हलवत होती. त्याला अवेळी आलेला पाहून तिने नुसतं एक स्टूल पुढे सरकवलं.

"ताई, तुला ते दाताचं आठवतं?"

तिने कुठलं म्हणून विचारलं नाही. मातीत रुतलेले हात तसेच ठेवून ती म्हणाली, "पाय मी धरले होते."

तो स्टुलावर टेकला.

"तू सात वर्षांचा, मी सोळाची. तू येणार नाहीस म्हणून 'नुसतं बघायचंय' असं खोटं सांगून नेलं तुला. एका माणसाने डोकं धरलं, एकाने हात. तू हलत होतास म्हणून डॉक्टर ओरडत होता. मला म्हणाला, पाय धर. तू म्हणत होतास, ताई, थांबव. ताई, थांबव. आणि मी आणखी घट्ट धरले. मला वाटलं, सुटलास तर सुई कुठेतरी भलतीकडे लागेल." ती थांबली. "तू माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास."

"मला वाटायचं, तू विसरली असशील."

"बारक्या, दर वेळी तू तोंडावर हात धरून हसतोस, तेव्हा मला ते दिसतं."

मग त्याने भिंगरीचं सांगितलं. मुलांच्या डॉक्टरांनी काय नाव दिलं, ते सांगताना तो म्हणाला, "डॉक्टर प्रश्न विचारत होते तिच्याबद्दल, आणि मी मनात माझीच उत्तरं देत होतो."

"मला नवीन काय सांगतोस?" ताई म्हणाली. "तुला काय कमी नावं ठेवली लोकांनी? वांड, माकड, बिनडोक. दुखण्याला तेवढं कुणी नाव ठेवलं नाही."

तो हसला. हात वर गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"गुरुवारी येशील माझ्याबरोबर?" त्याने विचारलं. "काही धरायचं नाही. नुसतं ये."

गुरुवारी साडेनऊला तो खुर्चीवर बसला. बायको आणि मुलगी भिंतीशी, ताई दाराशी. ताईने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. बाईंनी त्याला तोच नियम सांगितला, शब्दाला शब्द.

"मी काय लहान आहे?" तो कसंनुसं हसत म्हणाला.

"नियम खुर्चीचा आहे, वयाचा नाही."

बाईंनी वाकून आरसा आत घातला. त्याने डोळे घट्ट मिटले. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं पांढरी झाली होती. मग हिरडीला काहीतरी गार लागलं, आणि त्याचा उजवा हात आपोआप वर गेला.

बाई थांबल्या. आरसा बाहेर आला. त्या मागे सरकून बसल्या आणि वाट पाहायला लागल्या.

त्याने हात खाली घेतला. काम सुरू झालं. त्याने पुन्हा हात वर केला, या वेळी जाणूनबुजून. बाई पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा केला. थांबल्या. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं.

"दुखलं का?" बाईंनी विचारलं.

त्याने मान हलवली. तोंडातली कापसाची वळकटी सांभाळत म्हणाला, "नाही. तुम्ही थांबलात म्हणून."

दाराशी ताईने तोंड फिरवलं आणि बाहेर जाऊन पाणी प्यायली. परत आली तेव्हा भावाच्या पायाशी जाऊन उभी राहिली, हात पाठीमागेच ठेवून.

त्या दिवशी त्याच्या हिरड्यांची अर्धी सफाई तेवढी झाली. तो उठला आणि मुलीला म्हणाला, "गुदगुल्या होतात जरा. आवाज वाईट आहे, पण आवाजच आहे नुसता."

मग भिंगरी बसली. तिने सतरा वेळा हात वर केला. एकदा तर खिडकीत काय चाललंय ते विचारायला. बाई सतरा वेळा थांबल्या. अर्ध्या तासात एक दात अर्धाच झाला. बाईंनी त्यावर तात्पुरता लेप बसवला आणि म्हणाल्या, "उरलेला पुढच्या गुरुवारी." आईला वाटलं, माफी मागावी. बाईंनी तिला तेवढ्यात थांबवलं : "आज ती खुर्चीवरून पळाली नाही. मला आज एवढंच हवं होतं."

सहा दातांना अडीच महिने लागले. एक दुधाची दाढ काढावीच लागली. कायमच्या दोन दाढा वाचल्या. बाबाचं काम अजून लांबणार होतं. समोरचा तुटका दात आधी नीट करून घ्या, असं बायकोने सुचवलं, तर तो म्हणाला, मागचे आधी, खायला तेच लागतात. दोनदा तो आपली वेळच विसरला. मग बाईंनी त्याला आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी, असे दोन फोन करायला सुरुवात केली.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. भिंगरीच्या एका दाढेत नवी कीड निघाली. आईचा चेहरा उतरला.

"सगळं केलं हो," ती म्हणाली. "रोज. चार भिंती. पाणी, न्याहारी, सगळं."

"म्हणूनच फक्त एक आहे," बाई म्हणाल्या. "हिच्या तोंडाची राखण नेहमीच जास्त करावी लागणार. चुकतंय म्हणून नाही. तिची ठेवण तशी आहे म्हणून. एक दात मी दहा मिनिटांत भरेन."

भिंगरीला मधे पाचच वेळा थांबावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, आई नवऱ्याची कामाची पिशवी धुवायला काढत होती. ब्रशांच्या खाली तिला रंगाचे डाग पडलेला एक फॉर्म सापडला. मोठ्या माणसांच्या डॉक्टरांकडचा, तशाच प्रश्नांचा, जे मुलीच्या वेळी विचारले होते. नाव वरती त्याचं होतं. पहिलं पान त्याने गच्च भरलं होतं. रेघा संपल्या तशी समासातही आडवी अक्षरं गेली होती. दुसऱ्या पानावरचा पहिला प्रश्न होता : 'सुरू केलेली कामे अर्धवट राहतात का?'

उत्तराची जागा कोरी होती. त्यापुढची तीन पानंही.

ती आधी खूप हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराने टिपलं. मग फॉर्म आणि पेन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तो खिडकीच्या चौकटीवरचा जुना रंग खरवडत बसला होता, आणि भिंगरी ते तुकडे वहीत चिकटवत होती.

"कधीचा पडलाय हा?" तिने विचारलं.

"तीन आठवडे," तो ओशाळून म्हणाला. "भरणार होतो."

"सरक जरा," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "मी लिहिते, तू सांग. एक-एक प्रश्न."